डार्विनचे दुखणे आणि डार्विनची वही

१८५९ सालच्या नोव्हेंबरमध्ये लंडनमध्ये एक पुस्तक प्रसिद्ध झाले. पहिल्या आवृत्तीच्या १२५० प्रती छापल्या होत्या आणि पुस्तकविक्रेत्यांनी त्या हातोहात उचलल्या. सजीवांच्या जाती कशा निर्माण झाल्या, या प्रश्नाकडे पाहण्याची जगाची दृष्टी त्या पुस्तकाने बदलून टाकली. लेखक चार्ल्स डार्विन मात्र त्या दिवशी लंडनमध्ये नव्हता. उत्तर इंग्लंडमधल्या इल्कली नावाच्या गावी, थंड पाण्याने उपचार करणाऱ्या एका केंद्रात तो गेला होता. अंगावर पुरळ उठले होते, पाय सुजला होता, पोट ठिकाणावर नव्हते. वीस वर्षे मनात जपलेले काम जगासमोर येत होते आणि त्याचा कर्ता दूर कुठेतरी अंगावर गार पाणी घेत, लोक काय म्हणतील या काळजीत दिवस काढत होता.

शाळेच्या पुस्तकातला डार्विन आपल्याला ठाऊक असतो. पांढरी दाढी, शांत नजर, जगाची पर्वा नसलेला ऋषी. प्रत्यक्षातला डार्विन ऐन तिशीपासून आजारी होता. छातीत धडधड, उलट्या, पोटात वायू, डोकेदुखी, हातापायांना कंप, त्वचेचे विकार आणि सततचा थकवा, अशी त्याच्या तक्रारींची यादी होती. त्या जोडीला आपण मंद आहोत, आपली स्मरणशक्ती वाईट आहे, आपण कुणाच्या तरी अपेक्षेला कमी पडतो आहोत, ही भावनाही होती. तरीही या माणसाने हजारो पाने लिहिली, प्रयोग केले, दहा मुलांचा संसार केला आणि ७३ वर्षांचे आयुष्य काढले. ते त्याने कसे निभावले, हे ताणाखाली जगणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असे आहे.

वडिलांचे बोल

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावी झाला. वडील रॉबर्ट डार्विन नावाजलेले डॉक्टर होते. आजोबाही डॉक्टर होते. वडील देहाने अवाढव्य आणि घरात त्यांचा दरारा मोठा. चार्ल्स आठ वर्षांचा असताना आई गेली. पुढे मोठेपणी त्याला आईविषयी जवळजवळ काहीच आठवत नसे.

शाळेत लॅटिन आणि ग्रीक यांची घोकंपट्टी चाले. चार्ल्सला त्यात गोडी नव्हती. त्याला किडे, पक्षी, दगड गोळा करायला आवडत. थोरल्या भावाबरोबर बागेतल्या खोलीत तो रसायनांचे प्रयोग करी. त्याबद्दल मुख्याध्यापकांनी त्याला सर्वांसमोर बोल लावले होते. एकदा वडील संतापले आणि त्यांनी त्याला सुनावले, की शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणे यांपलीकडे तुला कशाचीही फिकीर नाही आणि तू स्वतःची आणि घराण्याची नाचक्की करणार आहेस. हे बोल चार्ल्सच्या मनात इतके खोल गेले, की पन्नासएक वर्षांनी आत्मचरित्र लिहिताना ते त्याला आठवले.

१८२५ मध्ये त्याला एडिंबरोला वैद्यकीय शिक्षणासाठी पाठवले. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती, ती यायला अजून वीस वर्षे होती. त्याने दोन शस्त्रक्रिया पाहिल्या, त्यांतली एक लहान मुलावरची. दोन्ही वेळा त्याला ते बघवले नाही आणि शस्त्रक्रिया संपण्याआधीच तो बाहेर पळाला. १८२७ मध्ये त्याने तो अभ्यास सोडला. मग पाद्री होण्यासाठी केंब्रिजला रवानगी झाली.

मोठी माणसे रागाच्या भरात एखादे वाक्य बोलतात आणि विसरून जातात. मूल मात्र त्या वाक्याचा नियम करून टाकते. मी निरुपयोगी आहे, माझ्याकडून काही होणार नाही, मी घरच्यांना खाली पाहायला लावणार, असे ते नियम असतात. मानसोपचारात त्यांना मूळ धारणा म्हणतात. एकदा अशी धारणा बसली, की मन तिला जुळणारे पुरावे तेवढे वेचून ठेवते. डॉक्टरकी सोडली, हा पुरावा जमेला धरला जातो. त्याच काळात केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्सलो या तरुणाला रोज फिरायला सोबत नेत, त्याच्याशी बरोबरीने बोलत, हा पुरावा मात्र हिशेबात येत नाही. नापासाचा शेरा लक्षात राहतो आणि पाठीवर पडलेली थाप विसरली जाते, हे बहुतेक घरांत घडते.

आठ हरकती, आठ उत्तरे

१८३१ च्या ऑगस्टमध्ये हेन्सलो यांच्यामार्फत बीगल जहाजावरून जगप्रवासाला जाण्याची संधी चालून आली. वडिलांनी साफ नकार दिला. मात्र एक वाट मोकळी ठेवली. शहाण्या म्हणवणाऱ्या एखाद्या तरी माणसाने याला जा म्हणून सांगितले, तर परवानगी देईन, असे ते म्हणाले. चार्ल्सने निमूटपणे नकाराचे पत्र धाडले आणि तो शिकारीच्या निमित्ताने मामाच्या घरी गेला.

मामा जोसाया वेजवुड यांनी भाच्याची अडचण ऐकली. चार्ल्सने वडिलांच्या हरकती कागदावर एकाखाली एक लिहून काढल्या. त्या आठ भरल्या. पुढे पाद्री व्हायचे असेल तर हा प्रवास शोभणार नाही, ही योजनाच वेडेपणाची आहे, आधी दुसऱ्यांना विचारले असणार आणि त्यांनी नाकारले म्हणजे जहाजात काहीतरी खोट आहे, परत आल्यावर हा कधी स्थिर होणार नाही, अशा त्या हरकती होत्या. मामांनी प्रत्येक हरकतीपुढे शांतपणे उत्तर लिहिले. कुठे ती हरकत मान्य केली, कुठे तिला आधार नाही हे दाखवले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः भाच्याला घेऊन श्रूजबरीला गेले. वडिलांनी परवानगी दिली आणि खर्चही उचलला.

आज मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला नेमके हेच करायला शिकवतात. डोक्यात गरगरणारी भीती कागदावर उतरवायची. सगळे संपले, अशी एकच मोठी भीती न ठेवता तिचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यापुढे त्याला आधार काय, उत्तर काय, ते लिहायचे. डोक्यातल्या डोक्यात तीच हरकत शंभर वेळा फिरते. कागदावर ती एकदाच लिहिता येते. आणि उत्तर लिहायला एखादा मामा मिळाला, तर काम सोपे होते.

जहाजाचा कप्तान फिट्झरॉय यानेही डार्विनला जवळजवळ नाकारलेच होते. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखता येतो, असे तो मानत असे. असल्या नाकाच्या माणसाकडे जोम आणि चिकाटी असणे शक्य नाही, असे त्याला वाटले होते. ही गोष्ट डार्विनला पुढे ओळख वाढल्यावर कळली. दुसऱ्याचे आपल्याविषयीचे मत किती पोकळ आधारावर उभे असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

धोक्याची घंटा

जहाज निघायला उशीर होत गेला. प्लिमथ बंदरात वाट पाहण्याचे ते दोन महिने डार्विनने आयुष्यातले सर्वात कष्टाचे दिवस मानले. घरापासून इतका काळ दूर राहायचे, या विचाराने तो खचला. छातीत धडधड आणि दुखू लागले. थोडेफार वैद्यक शिकलेला असल्यामुळे आपल्याला हृदयविकार आहे, अशी त्याची खात्री झाली. पण डॉक्टरला दाखवले तर प्रवास रद्द होईल, म्हणून तो कुणाकडे गेलाच नाही.

२७ डिसेंबर १८३१ रोजी बीगलने नांगर उचलला. प्रवास जवळजवळ पाच वर्षे चालला. बोट लागण्याचा त्रास शेवटपर्यंत सुटला नाही. पण जमिनीवर उतरल्यावर हाच माणूस दक्षिण अमेरिकेत घोड्यावरून शेकडो मैल फिरला, अँडीज पर्वत चढला, उघड्यावर झोपला. हृदय कुठेही थांबले नाही.

मग ती धडधड खोटी होती का? नाही. ताणाच्या क्षणी मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रिनलिन रक्तात येते, हृदय जोरात धावते, श्वास वाढतो, पचन मंदावते, स्नायू ताठरतात. ताण लांबला तर कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेले राहते आणि झोप, पोट, रक्तदाब यांवर परिणाम होतो. छातीतली धडधड खरी असते. तिचा लावलेला अर्थ चुकीचा असू शकतो. धडधड म्हणजे हृदयविकार, असा अर्थ लावला की भीती वाढते, भीती वाढली की धडधड वाढते आणि चक्र सुरू होते.

पुढे डार्विनने या यंत्रणेवर स्वतःवरच एक प्रयोग केला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेला त्याने तोंड टेकवले. सापाने झडप घातली तरी मागे हटायचे नाही, असा पक्का निश्चय केला होता. सापाने फणकारून झडप घातली आणि निश्चय कुठल्या कुठे गेला. तो क्षणात दोन पावले मागे उडाला. काच आहे हे बुद्धीला ठाऊक होते, पण शरीराने बुद्धीची वाट पाहिली नाही. १८७२ मध्ये भावनांच्या आविष्कारावर लिहिलेल्या ग्रंथात त्याने ही हकीकत दिली आहे. ताण आल्यावर स्वतःला भित्रा किंवा कमकुवत ठरवणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. पहिली दचक इच्छेच्या ताब्यात नसते. त्यानंतर आपण काय करतो, ते बरेचसे आपल्या हातात असते.

भिंतीआडचे घर

ऑक्टोबर १८३६ मध्ये डार्विन परतला. पुढच्याच वर्षी त्याने जातींच्या बदलाविषयीची पहिली वही सुरू केली आणि त्याच वर्षी छातीतली धडधड परत आली. डॉक्टरांनी काम बंद करून गावाकडे जायला सांगितले. जानेवारी १८३९ मध्ये त्याने मामाची मुलगी एमा हिच्याशी लग्न केले. १८४२ मध्ये दोघे लंडनची गजबज सोडून केंट परगण्यातल्या डाउन या खेड्यात राहायला गेले आणि मग तिथेच राहिले.

जाती बदलतात, हा विचार त्या काळच्या धर्मश्रद्धेला धक्का देणारा होता. एमा श्रद्धाळू होती. तिला दुखवायचे, मित्रांना दुखवायचे, विद्वानांचा रोष ओढवायचा, या कल्पनेने तो अस्वस्थ होई. १८४४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर या मित्राला हा विचार कळवताना आपण जणू खुनाची कबुली देत आहोत, असे त्याला वाटले. त्याच वर्षी त्याने सिद्धान्ताचे मोठे टिपण लिहिले आणि आपण गेलो तर ते छापण्यासाठी ४०० पौंड खर्च करावेत, असे एमाला लिहून ठेवले. मग टिपण बाजूला ठेवून दिले.

त्याने घरालगतचा रस्ता खोल करून घेतला आणि भिंत बांधली, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांची नजर आत पोहोचणार नाही. पाहुण्यांशी बोलण्याच्या उत्तेजनाने नंतर कंप आणि उलट्या होत, म्हणून त्याने मेजवान्या सोडल्या. १८४८ मध्ये वडील वारले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीतही तो आजारपणामुळे सामील होऊ शकला नाही.

भीती वाटते ती गोष्ट टाळली, की लगेच हायसे वाटते. म्हणूनच टाळण्याची सवय लागते. पण टाळल्यामुळे आपण निभावून नेऊ शकलो असतो, हे कधी कळतच नाही आणि मनातली धारणा अधिक घट्ट होते. डार्विनचे जग असे आकसत गेले. ते पूर्ण आकसले नाही, याचे मोठे श्रेय त्याच्या पत्रांना जाते. घरात बसून तो माळी, कबुतरे पाळणारे, जहाजावरचे अधिकारी, दूरदेशीचे शास्त्रज्ञ अशा सर्वांना लिहीत राहिला. त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली अशी पंधरा हजारांवर पत्रे आज ज्ञात आहेत. समोरासमोर बोलणे झेपत नव्हते, म्हणून त्याने माणसे तोडली नाहीत.

पाण्याने बरे झाले की दिनक्रमाने?

वडिलांच्या मृत्यूनंतर तब्येत फारच ढासळली. १८४९ च्या मार्चमध्ये डार्विन सहकुटुंब माल्व्हर्न या गावी डॉ. गली यांच्या जलचिकित्सेसाठी जाऊन राहिला. सकाळी उठून थंड पाण्यात बुडवलेल्या टॉवेलने अंग घासायचे, पाय गार पाण्यात ठेवायचे, पोटावर ओली पट्टी बांधायची, रोज चालायचे, साखर, लोणी, मसालेदार खाणे बंद करायचे आणि डोक्याला ताण देणारे काम थांबवायचे. काही महिन्यांत त्याला बरे वाटू लागले. घरी परतल्यावर त्याने बागेत गार पाण्याच्या धारेची सोय करून घेतली.

श्रेय पाण्याला मिळाले. आजच्या नजरेने पाहिले तर नियमित चालणे, साधा आहार, वेळेवर झोप आणि कामाला घातलेली मर्यादा यांचा वाटा त्यात मोठा असावा. त्या काळी दिल्या जाणाऱ्या कित्येक औषधांपेक्षा गार पाणी निदान निरुपद्रवी होते.

याच वर्षी त्याने तब्येतीची नोंदवही सुरू केली. १८५५ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे साडेपाच वर्षे, रोजचा दिवस आणि रोजची रात्र कशी गेली, ते त्यात आहे. चांगले दिवस तो खुणा करून मोजत असे. सतत आजारी असणाऱ्या माणसाला आपला एकही दिवस बरा जात नाही असे वाटते. नोंद ठेवली तर बरे दिवसही असतात, हे दिसते. मात्र शरीराच्या प्रत्येक हालचालीवर रोज पहारा ठेवला तर काळजी वाढूही शकते. थोडे दिवस नोंद करावी, तिच्यातून शिकावे आणि वही मिटावी, हे बरे.

अ‍ॅनी

१८५१ च्या एप्रिलमध्ये त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी अ‍ॅनी माल्व्हर्नलाच वारली. तिला बहुधा क्षयरोग झाला असावा. एमा बाळंतपणाच्या दिवसांत असल्यामुळे येऊ शकली नाही. डार्विन मुलीच्या उशाशी होता. आठवडाभरात त्याने तिच्या आठवणी लिहून काढल्या. तिचे हसणे, वडिलांचे केस विंचरणे, असे सारे त्यात आहे.

दुःखाच्या मागोमाग अपराधाची भावना आली. आपण मामाच्या मुलीशी लग्न केले, आपल्या आजारी शरीराचा वारसा मुलांना दिला, ही टोचणी त्याला आयुष्यभर होती. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आपल्याकडेही आहे, त्यामुळे ही टोचणी इथल्या वाचकाला सहज समजेल. अशा लग्नात जन्मजात आजारांचा धोका थोडा वाढतो, पण बहुतेक मुले निरोगी जन्मतात, एवढे आज ठामपणे सांगता येते. डार्विनला हे सांगणारे कुणी नव्हते. त्याने त्या टोचणीचा प्रश्न केला. वनस्पतींमध्ये स्वतःच्याच परागाने आणि परक्या परागाने होणाऱ्या संततीची त्याने वर्षानुवर्षे तुलना केली आणि १८७६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. जनगणनेत सख्ख्या नात्यातल्या लग्नांविषयी प्रश्न असावा, म्हणून १८७० मध्ये त्याने खटपट केली. संसदेने ती सूचना फेटाळली. मग त्याचा मुलगा जॉर्ज याने तो अभ्यास हाती घेतला आणि धोका वाटला होता तितका मोठा नसल्याचे त्याला आढळले.

वनस्पतींवरच्या प्रयोगांनी डार्विनला दिलासा दिला नाही. स्वपरागाची रोपे बऱ्याचदा दुबळीच निघाली. पण माझ्यामुळे झाले, या वाक्याशी झुंजत बसण्यापेक्षा नेमके काय होते, कितपत होते, हे विचारणे त्याला जगायला उपयोगी पडले.

विरोधी पुरावा आधी लिहायचा

डार्विनची एक सवय त्याच्या सर्व औषधांपेक्षा मोलाची होती. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचनात, निरीक्षणात किंवा नुसती विचारात आली, की तो ती ताबडतोब आणि न चुकता लिहून ठेवी. मताला अनुकूल गोष्टी लक्षात राहतात, प्रतिकूल गोष्टी मात्र मन चटकन विसरते, हे त्याने अनुभवाने ओळखले होते. या सवयीमुळे त्याच्या पुस्तकावर पुढे आलेले बहुतेक आक्षेप त्याने आधीच विचारात घेतलेले होते. पुस्तकात सिद्धान्तातल्या अडचणींवर स्वतंत्र प्रकरणच आहे.

ही सवय त्याने सिद्धान्तांसाठी वापरली. १९६० च्या दशकात अमेरिकेतले डॉ. आरोन बेक यांनी उदासीनतेच्या रुग्णांसाठी विचारांवर काम करणारी उपचारपद्धती घडवली, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. मी कुचकामी आहे, हेही एक मतच आहे. त्याला अनुकूल पुरावे मन आपोआप साठवते. प्रतिकूल पुरावे हाताने लिहून ठेवावे लागतात. नुसते सकारात्मक विचार करा असे सांगून हे होत नाही, कारण आधार नसलेल्या स्तुतीवर मन विश्वास ठेवत नाही. घडलेल्या गोष्टीवर मात्र त्याला हळूहळू विश्वास ठेवावा लागतो.

स्वतःवरच्या अविश्वासाला डार्विनने कृतीने दिलेले एक उत्तर लक्षात घेण्यासारखे आहे. एकाही जीवगटाचा बारकाईने अभ्यास न केलेल्याने जातींविषयी बोलू नये, अशा अर्थाचे हूकरचे मत त्याने स्वतःला लावून घेतले. मग १८४६ ते १८५४ ही आठ वर्षे त्याने खडकांना आणि जहाजांच्या तळाला चिकटणाऱ्या बार्नॅकल या जीवांचा अभ्यास केला. कंटाळला, वैतागला, पण तो पुरा केला. १८५३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला पदक दिले. मी कच्चा आहे, ही बोच त्याने शिकण्याच्या कामाला जुंपली.

सर्वात वाईट दोन आठवडे

१८५८ च्या जूनमध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसचे पत्र आले. त्यात डार्विनच्याच सिद्धान्ताची थोडक्यात मांडणी होती. वीस वर्षांचे श्रम हातचे गेले, असे त्याला वाटले. आता आपले लेखन छापले तर आपण क्षुद्र ठरू, अशीही भीती होती. त्याच दिवसांत घरात आजार शिरला. दीड वर्षाचा धाकटा मुलगा स्कार्लेट फीव्हरने २८ जूनला गेला.

या वेळी डार्विनने एक शहाणपणाचे काम केले. निर्णय घेण्याच्या स्थितीत आपण नाही, हे ओळखून त्याने सारे कागद लायेल आणि हूकर या मित्रांच्या हाती सोपवले. त्यांनी दोघांचेही लेखन १ जुलै रोजी लिनियन सोसायटीत एकत्र वाचण्याची व्यवस्था केली. डार्विन सभेला गेला नाही. त्या दिवशी तो बाळाला मूठमाती देत होता. सावरल्यावर तो लिहायला बसला आणि सव्वा वर्षात पुस्तक पुरे झाले. मदत मागणे हा कमकुवतपणा मानणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

वाळूची वाट

डाउनच्या घरामागे त्याने एक फिरण्याची वाट तयार करून घेतली होती. तिला वाळूची वाट म्हणत. पाऊस असो वा ऊन, दुपारी तो कुत्र्याला घेऊन तिथे फेऱ्या घाली. फेऱ्या मोजण्यासाठी वाटेच्या कडेला गारगोट्या रचून ठेवी आणि प्रत्येक फेरीला एक पायाने बाजूला सारी. सकाळी आठ ते साडेनऊ काम, मग पत्रे आणि एमाने मोठ्याने वाचलेली कादंबरी, साडेदहा ते बारा पुन्हा काम, मग चालणे, दुपारी विश्रांती, संध्याकाळी तासभर काम. रात्री एमाशी बॅकगॅमनचे दोन डाव. त्यांचा हिशेबही तो ठेवी. १८७६ च्या सुरुवातीला त्याने मित्राला कळवले, की एमाने २४९० डाव जिंकले आणि आपण २७९५.

दिवसाचे जेमतेम चार तास काम, पण ते रोज. बरे वाटले की राब राब राबायचे आणि मग आठवडाभर आडवे व्हायचे, ही चूक तो पूर्वी करीत असे. मर्यादा मानल्यावर काम वाढले. शेवटच्या दहा वर्षांत त्याची तब्येतही पूर्वीपेक्षा बरी होती.

६७ व्या वर्षी त्याने मुलानातवंडांसाठी आत्मचरित्र लिहिले. त्यात स्वतःचे मोजमाप आहे. हजरजबाबीपणा नाही, स्मरणशक्ती धूसर आहे, गणित आणि अमूर्त विचार जमत नाहीत, हे त्याने लिहिले. पण इतरांच्या नजरेतून सुटणाऱ्या गोष्टी आपल्याला दिसतात आणि आपण चिकाटीने कष्ट केले, हेही त्याच शांतपणे लिहिले. वडिलांच्या त्या बोलांजवळ त्याने जोडले, की ते आपण पाहिलेले सर्वात प्रेमळ गृहस्थ होते, त्या वेळी रागावले असावेत आणि त्यांचे ते बोलणे काहीसे अन्यायाचे होते. बोल पुसले गेले नव्हते. पण ते आता निकाल राहिले नव्हते. एका रागावलेल्या माणसाचे एका दिवसाचे मत, एवढीच त्यांची जागा उरली होती.

१९ एप्रिल १८८२ रोजी हृदयविकाराने डार्विन गेला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत न्यूटनच्या समाधीजवळ त्याला पुरले.

आजचा रुग्ण

डार्विनला नेमके काय झाले होते, यावर डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही. दक्षिण अमेरिकेत चावलेल्या ढेकणामुळे होणारा चागास रोग, दुधातली साखर न पचणे, तीव्र भीतीचे झटके, असे अनेक तर्क आहेत. कदाचित एकाहून अधिक कारणे असतील. मनाचा ताण दुखणे वाढवतो, म्हणून दुखणे मनाचे खेळ ठरत नाही. छातीत धडधड, वजन घटणे, सततचा थकवा किंवा उलट्या असतील तर आधी तपासणी हवी. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, हृदयाचे ठोके, पोटाचे विकार पाहून घ्यावेत. ते सारे ठीक असेल तर ताणावर उपचार घेण्यात कमीपणा नाही.

स्वतःविषयीचे एखादे कठोर वाक्य वारंवार मनात येत असेल, तर ते जसेच्या तसे कागदावर लिहावे. हे वाक्य प्रथम कुणी, कधी, कोणत्या मनःस्थितीत म्हटले, ते आठवून पाहावे. रोज त्याच्या विरुद्ध जाणारी एक घडलेली गोष्ट, कितीही छोटी असो, तारखेसह नोंदवावी. स्वतःला उत्तरे सुचत नसतील तर विश्वासातल्या माणसाला वाचायला द्यावे. चालण्याची आणि झोपण्याची वेळ ठरवावी. टाळलेल्या कामांतले सर्वात सोपे एक काम या आठवड्यात करावे.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक गेली, कामात लक्ष लागेना, तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. सरकारी जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्याची सेवा असते आणि टेली-मानस या शासकीय दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येते. डार्विनच्या काळी असा क्रमांक नव्हता. त्याच्याजवळ मामा होते, एमा होती, हूकर होता आणि एक वही होती.